वाघमारे सरांची भीती

आमच्या फिजिऑलॉजी विभागात एखादी जड वस्तू हलवायची असली, की आधी वाघमारे सर आसपास नाहीत ना, हे बघून घ्यावं लागे. शिपाई शिंदेने ऑक्सिजनच्या सिलिंडरला हात घातला रे घातला, की पलीकडच्या खोलीतून सर धावत यायचे. "श्वास सोड! शिंदे, श्वास धरून ठेवू नकोस, सोड आधी!" शिंदे असा दचकायचा की सिलिंडर पायावर यायचाच बाकी असे. "सर, मी सिलिंडरने नाही, तुमच्या ओरडण्याने जाणार एक दिवस," तो म्हणायचा. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. श्वास रोखून जोर लावला की रक्ताचा दाब क्षणात भलताच चढतो आणि तेवढ्यात डोक्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटू शकते, हे त्यांनी शिंदेला इतक्या वेळा समजावलं होतं की पुढे पुढे शिंदेच नव्या विद्यार्थ्यांना ते सांगू लागला, सरांच्या हातवाऱ्यांसकट.

आडनाव वाघमारे आणि माणूस हा असा. त्यामुळे स्टाफरूममध्ये चहाबरोबर तोंडी लावायला सर असायचेच. सर लिफ्टला भ्यायचे, भटक्या कुत्र्यांना भ्यायचे, डीनच्या केबिनबाहेरच्या लाल दिव्यालाही भ्यायचे. घाटकोपरला मेट्रोच्या सरकत्या जिन्यासमोर मी त्यांना एकदा पाहिलंय. एक पाय पुढे करायचे, मागे घ्यायचे, पुन्हा पुढे करायचे. मागची माणसं वैतागून "अंकल, चलो ना यार" करत होती, आणि आमचे प्रोफेसर डॉक्टर भास्कर वाघमारे शेवटी बाजूला होऊन साध्या जिन्याने चढून गेले. पन्नाशी ओलांडली तरी लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं मी ट्यूटर म्हणून नवीन लागले तेव्हा आगाऊपणाने विचारलं होतं. "भीती वाटते गं," एवढंच म्हणाले, आणि ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

दिसायला उंच, सावळे, रुंद खांद्यांचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्या धिप्पाड देहावर ते मोठाले भ्यालेले डोळे कोणी चुकून बसवले असावेत असं वाटायचं. रागावणं त्यांना जमत नसे. मुलांनी काचेची नळी फोडली तर आधी "कोणाला लागलं का?" विचारायचे आणि मग नळीचं काय झालं ते विसरूनच जायचे.

पण ह्या सगळ्या किरकोळ भीती. खरी भीती एकच होती आणि तिला कारण होतं. सर मूळचे हिंगोलीकडचे. वडील तिथल्या धान्याच्या मोंढ्यात हमाल होते. पाठीवर पोतं घेतलेलं असताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. थोरला भाऊ एसटीत कंडक्टर. सकाळी ड्युटीवर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला, तो तसाच कलंडला. दोघांच्याही मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि दोघांचाही रक्तदाब त्याआधी कोणी कधी मोजला नव्हता. राहिली दोघं, सर आणि त्यांच्याहून पुष्कळ मोठी बहीण, आक्का. वडील गेल्यावर आक्कांनी मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करून सरांना शिकवलं. आणि आक्कांनाही तेच दुखणं होतं, वर्षानुवर्षांचं, गोळ्यांना पुरतं न जुमानणारं. "तावडे, घरातले दोघं गेले ते गेले," सर मला म्हणायचे. "आक्काला मी त्या वाटेने जाऊ देणार नाही." हे बोलताना त्यांचे ओठ कोरडे पडायचे. एवढ्या एका गोष्टीसाठी हा माणूस जगत होता असं म्हटलं तरी चालेल.

सरांच्या अभ्यासाचा विषयही ह्याच भीतीतून आला होता, हे माझ्या उशिराच लक्षात आलं. दाब बदलला की बारीक रक्तवाहिन्या काय करतात, एवढाच विषय, पण त्यांना तो जन्मभर पुरला. प्रयोगाच्या दिवशी सर सकाळी लवकर मुलुंडच्या मटणवाल्याकडे जायचे. बकऱ्याच्या आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी. मग स्टीलच्या डब्यात बर्फ, बर्फात तो पडदा, आणि डबा छातीशी धरलेले सर. बसस्टॉपवर ओळखीचं कोणी भेटलं आणि "काय सर, आज मटण?" म्हणालं, की सर गडबडून "नाही नाही, रक्तवाहिन्या," म्हणायचे. त्यापुढे कोणी काही विचारत नसे.

त्या पडद्यातून शिवायच्या दोऱ्याहून बारीक अशी एक नळी सर सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून घ्यायचे. इतर वेळी चहाचा कप धरतानाही थरथरणारे त्यांचे हात त्या कामात स्थिर असायचे. नळीची दोन्ही टोकं दोन पोकळ काचेच्या सुयांवर चढवायची, नायलॉनच्या एका तंतूने बांधायची, कोमट खारट पाण्यात ठेवायची आणि आतून पंपाने दाब द्यायचा. समोर मॉनिटरच्या पडद्यावर ती नळी दिसायची. दाब वाढवला की आधी ती जराशी ताणली जाई. मग काही वेळ काहीच होत नसे. आणि मग सगळ्या वर्गादेखत ती हळूहळू आवळू लागे, आवळत आवळत पहिल्यापेक्षाही बारीक होई. फुग्यात हवा भरावी आणि फुगा लहान व्हावा, तसं काहीतरी. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण तोंड उघडं टाकून बघत राही.

"बघा," सर हळू आवाजात सांगायचे, जणू ती नळी दचकेल. "हिच्या पुढे केसाहून बारीक नळ्या आहेत. त्यांना हा दाब सोसवणार नाही. म्हणून ही आवळते. पाण्याचा जोर वाढला की आपण नळ थोडा बंद करतो, जोर कमी झाला की उघडतो, तसं. हिला कोणी सांगितलं? मेंदू इथे नाही, मज्जातंतू नाहीत, बकरा तर सकाळीच गेला. हिच्या भिंतीतल्या स्नायूलाच ताण कळतो. मेंदूतल्या नळ्याही हेच करतात, आत्ता, तुमच्या डोक्यात." मग माझ्याकडे वळून, "तावडे, एकदम नको. हळू वाढव. तिला कळू दे."

वाढवत वाढवत एक वेळ अशी येई की नळीला पुढे आवळवत नसे. त्यापलीकडे दाब गेला की ती एकाएकी हार मानायची. एका ठिकाणी फुगायची, मग दुसऱ्या ठिकाणी, जपमाळेच्या मण्यांसारखी. हा भाग सरांनी कधी पाहिला नाही. दाब शेवटच्या टप्प्यावर आला की ते मला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहायचे. "झालं का?" विचारायचे. मी "झालं सर" म्हटल्याशिवाय मागे वळत नसत. आपल्याच विषयाकडे पाठ करून उभ्या असलेल्या ह्या माणसाचं मला आधी हसू यायचं. हिंगोलीची हकीकत कळल्यावर ते येईनासं झालं.

पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक तास सर दर वर्षी ठरवून घ्यायचे. तो अभ्यासक्रमात नव्हता. "आपल्याकडे प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक काका असतात," अशी सुरुवात. "काकांकडे बीपीचं मशीन असतं आणि लालसर कॅप्सुलांचं एक पाकीट असतं. कोणाचा आकडा जास्त आला की काका कॅप्सूलला पिन टोचतात आणि आतलं औषध जिभेखाली पिळतात. दहा मिनिटांत आकडा खाली. सगळे खूश. गणपतीत काकांना नारळ आणि शाल." वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. "ज्याचा दाब वर्षानुवर्षं चढलेला आहे, त्याच्या मेंदूतल्या नळ्यांना त्याच दाबाची सवय झालेली असते. भिंती जाड झालेल्या असतात. तुमच्या-माझ्यासाठी जो दाब ठीक, तो त्यांना कमी पडतो. काकांनी तो धाडकन खाली आणला की त्या बिचाऱ्या उघडतात, उघडतात, पूर्ण उघडतात. पूर्ण उघडलेला नळ आणखी किती उघडणार? पुढे मेंदूला रक्त पोचत नाही. आकडा झकास दिसतो आणि माणसाची वाट लागते. चढायला वर्षं लागली ना? मग उतरायला काही दिवस तरी द्या. तातडी असेल तर हॉस्पिटल आहे, तिथले डॉक्टर बघतील. ती पिन आपल्या हातात घ्यायची नाही."

नुसतं सांगून सर थांबले नाहीत. त्यांच्या सोसायटीत खरोखरच असे एक पारकर काका होते. एरवी वॉचमनशी बोलतानाही चाचरणाऱ्या सरांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांचं पाकीट मागून आणलं. मग कोणी विद्यार्थी गावाकडच्या आजोबांचं पाकीट आणून द्यायचा, कोणी शेजारीण सासूचं. हा जप्तीचा माल सर एका बिस्किटांच्या डब्यात टाकायचे आणि डबा घरातल्या कपाटावर ठेवायचे. आक्का त्यावरून त्यांना डिवचायच्या. "टाकून का देईनास रे? घरात साप पाळलाय का त्यो?"

"कचऱ्यात कुणाच्या हाती लागल्या तर?" सर म्हणायचे.

"मंग मोरीत टाक."

"हो, टाकतो," असं सर म्हणायचे आणि टाकायचे नाहीत. मी एकदा तोच प्रश्न विचारला तेव्हा म्हणाले, "असू दे गं. घरात काहीच नसण्याचीही भीती वाटते."

मुलुंड पूर्वेला त्यांचं घर. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी आक्का मला जेवायला बोलवायच्या. माझं घर घाटकोपरला, आईवडील कोकणातले, त्यामुळे त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मला नवलाचा वाटायचा. घरात मिठावरून कायम लढाई. शंभर पोरांचा स्वयंपाक केलेल्या हाताला चिमूट ठाऊक नव्हती. सर मिठाचा डबा लपवायचे, आक्का शेजारून मीठ आणायच्या. सर पापड बंद करायचे, आक्का त्यांच्यादेखत लोणच्याची फोड चोखायच्या. "काय व्हतंय? मला तर कायबी व्हत न्हाई," हे त्यांचं पालुपद. खरंच त्यांना काही होत नसे, आणि सरांची झोप त्यामुळेच उडालेली असायची. दुखत-खुपत नाही अशा शत्रूशी कसं लढायचं, असं ते म्हणायचे.

एका वर्षी आक्का कुणाच्या तरी लग्नासाठी हिंगोलीला गेल्या. आठवडाभर राहिल्या. गोळ्यांचं पाकीट इथेच विसरलं होतं आणि ऐकून पोराच्या जिवाला घोर लागेल म्हणून फोनवर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्या परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी जेवायला गेले होते. पानं मांडत होतो. आक्का म्हणाल्या, "डोकं जरा जड हाय रे भास्करा. परवासाचं असंल." आणि त्या ओघात गोळ्यांचंही सांगून टाकलं.

सरांनी ताटं बाजूला सारली आणि पाऱ्याचं जुनं मशीन काढलं. आक्कांच्या दंडाला पट्टा बांधला, पंप दाबला, कानाला नळ्या लावून ऐकू लागले. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो पांढरा पडत गेला. त्यांनी पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर. मग पुन्हा पहिल्या हातावर.

"किती हाय?" आक्कांनी विचारलं.

सर पुन्हा पंप दाबू लागले. पारा दोनशेच्या वर होता आणि दर वेळी थोडा आणखी वर जात होता. आक्का काही पाऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या भावाच्या तोंडाकडे बघत होत्या. कधी कशाला न भ्यालेली ती बाई आता घाबरू लागली होती, हे मला स्पष्ट दिसलं. "कामून असा बघायलास माझ्याकडं? आरं, काय झालंय मला?"

"सर, आता मोजू नका," मी म्हणाले. "तुमच्याकडे बघून त्या घाबरतायत, त्यानेच चढतंय. त्यांची रोजची गोळी देऊ आणि हॉस्पिटलला नेऊ."

"हो. बरोबर," सर म्हणाले. "रोजची गोळी. बरोबर आहे. तू खाली जा, रिक्षा थांबव."

मी धावत खाली गेले. रविवारची दुपार, एकही रिक्षावाला जवळचं भाडं घ्यायला तयार नव्हता. चौथ्या की पाचव्याने मान हलवली. त्याला फाटकाशी उभा करून मी जिना चढले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि टेबलावर तो बिस्किटांचा डबा दिसला, झाकण काढलेला.

सरांच्या हातात आक्कांच्या बांगडीतली सेफ्टी पिन होती. दुसऱ्या हातात चपटी झालेली कॅप्सूल.

"सर!"

"उतरतंय," ते म्हणाले. "तावडे, बघ, उतरतंय." त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते हसण्याचा प्रयत्न करत होते. पारा खरंच उतरत होता. जिन्यावरून घरंगळावा तसा तो उतरत होता. त्यांचाच वर्षानुवर्षांचा तास माझ्या कानात वाजत होता, आणि तो त्यांच्याही कानात वाजत असणार, कारण ते हसू हळूहळू जागच्या जागी थिजलं.

मग आक्का म्हणाल्या, "भास्करा, लाईट गेली का रे?"

भर दुपार होती. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं आणि ऊन आक्कांच्या मांडीवर पडलं होतं.

"आक्का, डोळे उघड," सर म्हणाले.

"उघडेच हायेत की. तू कुठं हायेस?" त्या हाताने हवेत चाचपत होत्या. सर त्यांच्यापासून हातभरावर होते.

सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला आठवायला नको वाटतो. पण त्यानंतरचं त्यांनी चोख केलं, हेही सांगितलं पाहिजे. आक्कांना तिथल्या तिथे सतरंजीवर आडवं केलं, डोक्याखाली उशी घेऊ दिली नाही, गादीची वळकटी पायांखाली सारून पाय उंच केले. "मेंदूकडे रक्त जाऊ दे," एवढंच पुटपुटत होते. माझ्याकडून ॲम्ब्युलन्सला फोन करवला. आक्कांचा हात त्यांनी सोडला नाही आणि आक्का सारख्या विचारत होत्या, "आरं, दिवा लाव की कुणीतरी."

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. नाडी बघत तिने विचारलं, "जिभेखाली कॅप्सूल दिलीय का ह्यांना? कोणी दिली?"

"म्याच घेतली माझ्या हातानं," आक्का लगेच म्हणाल्या. दिसत काही नव्हतं, पण भावाला पाठीशी घालायचं त्यांना सुचलं होतं.

"नाही," सर म्हणाले. "मी दिली. मी फिजिऑलॉजी शिकवतो."

त्या आवाजाने मुलीने मान वर केली. ती आमच्याच कॉलेजची होती. "सर?" असं ती म्हणाली आणि खाली बघून सलाईन लावू लागली. बिल्डिंगमधल्या काकांचा तो तास तिने ऐकलेला होता. पुढ्यात उभ्या असलेल्या सरांकडे न बघण्याची ती जी धडपड करत होती, तिच्याकडे बघून माझेच डोळे भरून आले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. आक्कांचं काय होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सर भिंतीकडे बघत होते. "मला सगळं माहीत होतं, तावडे," ते म्हणाले. "पिन टोचतानासुद्धा माहीत होतं. पण दादा समोर दिसत होता. एक बूट घातलेला, दुसरा पायाशी. मला वाटलं, आत्ता फुटेल, ह्या क्षणी फुटेल. थांबताच आलं नाही गं मला." त्यांच्या जागी मी असते तर थांबू शकले असते, असं छातीवर हात ठेवून मला आजही म्हणता येत नाही.

संध्याकाळपर्यंत आक्कांना उजेड जाणवू लागला. मग माणसांचे आकार, मग उजव्या बाजूचं सगळं. डावी बाजू मात्र परत आली नाही. मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून गेला होता. जीव वाचला, बोलणं वाचलं, हातपाय वाचले. समोर बघितलं की डावीकडचं अर्धं जग त्यांच्यासाठी नव्हतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि त्या म्हणायच्या, "आज भाजी न्हाई वाढली का?" सर ताट फिरवून द्यायचे.

कॉलेजात सर पुन्हा येऊ लागले, पण त्या वर्षी तो तास त्यांनी मला घ्यायला लावला. त्यांनी स्वतः प्रयोगही लावले नाहीत. डबा त्यांनी मोरीत रिकामा केला होता. आक्कांचा रक्तदाब मोजायला रोज एका नर्सला बोलवायचं त्यांनी ठरवलं, तर आक्कांनी तिला दारातूनच परत पाठवलं. "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई मी. मोजंल तर ह्योच मोजंल." पाऱ्याच्या मशीनने मोजण्याइतके हात आता स्थिर राहत नव्हते, म्हणून सरांनी आकडा दाखवणारं नवं मशीन आणलं. रोज सकाळी ते आक्कांच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसायचे. चालतानाही डावीकडून, जेवतानाही डावीकडे. त्या बाजूने बाईला काही दिसत नाही, कशाचा धक्का लागेल, म्हणून हा माणूस तिथे भिंत होऊन बसलाय, असं मी घरी आईला सांगितलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. डेंग्यूने, चार दिवसांत. ज्याला जन्मभर भ्याले ते त्यांच्या वाट्याला आलंच नाही. आक्का आता हिंगोलीला भाच्याकडे असतात.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या एका रविवारी. जेवणाआधी आक्कांनी नेहमीप्रमाणे डावा हात पुढे केला. सरांनी पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि थांबलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन सरांच्या मागे उभी होते, त्यामुळे आकडा मला सरळ दिसला. एकशे शहाण्णव.

"किती हाय रे?" आक्कांनी समोर बघत विचारलं.

"एकशे चाळीस," सर म्हणाले.

आवाज इतका निवांत होता की मी आकडा पुन्हा वाचला. तोच होता. माझं तोंड उघडलं तेवढ्यात सरांनी मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी गप्प बसले.

"मंग बरंय की," आक्का खूश होऊन म्हणाल्या. "बघ पोरी, उगं भेतो ह्यो. वाढ आता."

"आधी रोजची गोळी घे," सर त्याच आवाजात म्हणाले. "जेवण झालं की डॉक्टरांकडे सहज एक चक्कर मारून येऊ. बरेच दिवस दाखवलं नाही."

आक्कांनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. सर स्टुलावरच बसून राहिले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले होते तरी ते थरथरत होते, आणि ओठ पांढरे पडले होते. आक्का त्या हिंगोलीच्या लग्नातल्या कुठल्याशा गमतीचं सांगत हसत होत्या. त्यांच्या डाव्या हाताशी, वीतभर अंतरावर, भाऊ भीतीने घामाघूम होऊन बसला होता, आणि त्यांना तो दिसत नव्हता.